अक्तीच्या दिवशीचा बर्फ

रायपूरला जाऊन आलो म्हटलं की सांगलीतले लोक विचारतात, "म्हणजे मध्य प्रदेशात ना?" होतं, मी सांगतो. आता ते स्वतःच एका राज्याची राजधानी आहे. पाटी लागलीय, मंत्री आलेत, शहर तेवढं अजून मागून चालत येतंय.

ज्यांनी तिथलं ऊन पाहिलं नाही त्यांना ते कसं सांगावं? मी सांगेन त्यातलं निम्मं वजा करा, आणि उरेल ते पंख्याखाली बसून वाचा. स्टेशनबाहेर पडलो तर माझी उजवी चप्पल डांबरात रुतली. ओढली तर अंगठा हातात आला आणि तळ रस्त्यातच बसला. रिक्षावाला हसून म्हणाला, "छोड़ दो भैया, राजधानी की सड़क है, कुछ तो चढ़ाना पड़ेगा." असा मी एका पायात चप्पल घालून, हातात भडंगाची पिशवी घेऊन, लीलामावशीच्या दारात उभा राहिलो.

तात्यापारा

पारा म्हणजे आपली आळी. तात्यापाऱ्यात मराठी घरं बरीच. मावशीच्या सासरचे लोक भोसल्यांच्या फौजेमागून आले आणि परत जायचं विसरले. त्यांची भाषा ऐकून मी पहिल्या दिवशी दोनदा मागं वळून पाहिलं की हिंदी बोलणारा दुसरा कोण आलाय. मावशी आमच्याच सांगलीची पोर, माझ्या आईची धाकटी बहीण. पण इतक्या वर्षांत तिचीही जीभ पुरती इथली झाली होती.

ती पलंगावर उशांना टेकून होती. हृदय थकलं होतं, पाय सुजले होते. डोळे मात्र जागे. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "काहून रे बाळू, दुसरी चप्पल काय मगरीनं नेली?"

आता कृष्णेत मगरी आहेत हे खरं. त्यापुढचं सगळं मी रचलं. म्हटलं, "मावशी, मगर रोज संध्याकाळी येते आमच्या ओट्यावर. तंबाखू मागते. चुना मीच मळून देतो, तिचे हात आखूड पडतात."

मावशी एवढी हसली की तिला खोकला आला. विनूदादा आतून धावत आला. विनूदादा म्हणजे मावशीचा मुलगा, सरकारी कचेरीत बाबू, स्वभावानं इतका सरळ की त्याच्यापुढं फूटपट्टी वाकडी वाटावी. "काय करून राहिला बे तू?" तो मला म्हणाला. "डॉक्टरनं हसवू नोको म्हटलं तिले."

"हसू दे रे," मावशी म्हणाली. "तुह्या घरात कोण हसवते मले?" मग खोकला बसल्यावर, पांघरूण सारखं करत, तिनं मला विचारलं, "टेशनात आपल्यातलं आणखी कोणी उतरलं का?"

"कोण उतरणार होतं?"

"कोणी नाही. असंच इचारलं."

हे 'असंच' काय होतं ते मला स्वयंपाकघरात शोभावहिनीनं सांगितलं. मावशीला एक मुलगी आहे, सुलू. तिनं रेल्वेतल्या एका बंगाली गार्डाशी लग्न केलं आणि ती खरगपूरला गेली. तेव्हा मावशी म्हणाली होती की पुन्हा तुझं तोंड पाहणार नाही. सुलू म्हणाली होती की तू बोलावशील तेव्हाच येईन. दोघींनीही शब्द पाळला. विनूदादा मध्ये बसून दोन्हीकडच्या खुशाल्या पोचवायचा.

हे सगळं वहिनी डाळ धुता धुता सांगत होती. डाळीला पाणी नळाचं, बाकी सगळ्याला बोरचं. मी विचारलं, असं का? "बोरच्या पाण्यात डाळ शिजत नाही भाऊजी. गोट्यांसारखी राहते. जमिनीतलं काय काय विरघळून बसलं असते त्यात, डोळ्याले दिसत नाही, डाळीले बरोबर दिसते." तिचं खोटं नव्हतं. त्याच पाण्यानं मी आल्या आल्या आंघोळ केली होती तर साबणाचा फेस यायच्या ऐवजी दही झालं. काचेसारखं स्वच्छ पाणी, आणि अंगावर घेतल्यावर लबाड.

सिलतरा

दुसऱ्या दिवशी अक्ती होती. आपली अक्षय्य तृतीया. पण आपल्याकडं त्या दिवशी आमरस असतो, इथं लग्नं असतात. मुहूर्त बघायची गरज नाही, म्हणून ज्याच्या घरी म्हणून वर किंवा वधू असेल तो मांडव घालतो. ज्यांच्या घरी नसेल त्यांची पोरं मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात, तेही वाजतगाजत. तात्यापाऱ्यातून मुख्य रस्त्यावर येईपर्यंत आम्ही इतक्या वराती ओलांडल्या की मला वाटलं माझंही दुसरं लग्न लागून जाईल.

सकाळी वहिनीनं बासी खायला दिली. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळी त्यात मीठ, कांदा, हिरवी मिरची. आपल्याकडं शिळा भात फोडणीला जातो. इथं तो पाण्यात पोहतो आणि ते आंबूस पाणी पिऊन माणसं उन्हात उभी राहतात. मी दोन वाट्या प्यायलो. मावशीलाही दोन चमचे दिले. तिनं तोंड वाकडं करून म्हटलं, "मीठ कमी आहे."

मग विनूदादा मला स्कूटरवरून राजधानी दाखवायला निघाला. अभनपूरच्या बाजूला त्यानं मला एका उघड्या माळावर नेलं. "इथं नवीन शहर होणार. तिथं मंत्रालय, तिथं रुंद रस्ता." मी पाहिलं तर एक दगड रोवलेला आणि त्याच्या सावलीत एक बकरी. "ही कोणत्या खात्याची?" मी विचारलं. तो हसला नाही. त्याला ते मंत्रालय खरोखर दिसत होतं.

तिथून पार दुसऱ्या टोकाला सिलतरा. लोखंडाचे कारखाने, धुराड्यांना धुराडी चिकटलेली. पानांवर, गाईंच्या पाठीवर, दुकानातल्या जिलबीवर काळी पूड. इथलं आभाळ रोज कुणीतरी झाडून काढत असावं आणि कचरा खालीच टाकत असावं.

परत आलो तेव्हा दारात वहिनी उभी होती. हातात पाण्याचा पेला. "पाणी दे म्हणाल्या," ती म्हणाली. "मी आणलं तोवर..." पेला तिनं खाली ठेवला नव्हता. अजून भरलेलाच होता.

बर्फाचा कारखाना

विनूदादानं कोपऱ्यावरच्या बूथवरून खरगपूरला फोन लावला. मी शेजारी उभा होतो. पलीकडचा आवाज मला काचेबाहेरही ऐकू आला. सुलू रडत नव्हती, ओरडत होती. "दादा, मी निघाली. मी येईपर्यंत उचलू नका. एकदा तोंड पाहू दे मले तिचं. शप्पथ आहे तुले."

"नाही उचलत," विनूदादा म्हणाला.

बोलून बसला आणि बाहेर येऊन पायरीवर बसला. रात्रीची गाडी मिळाली तरी सुलू दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार होती. आणि बाहेर ते ऊन. पाऱ्यातले वडीलधारे म्हणू लागले, विनायक, इतका वेळ ठेवता येणार नाही, आजच घेऊन चला. दवाखान्यातल्या शीतपेटीची गोष्ट निघाली. पण मावशीचा नवरा गेला तेव्हा त्याला त्या पेटीत ठेवलं होतं आणि तिनं तेव्हाच मुलाकडून वचन घेतलं होतं: मले त्या लोखंडात ठेवजो नोको. मी घरातूनच जाईन. बिचाऱ्या विनूदादाच्या डोक्यावर आता दोन शब्द होते, एक जिवंत बाईला दिलेला आणि एक मेलेल्या बाईला.

तेव्हा शेजारचे सदूभाऊ पुढं आले. पाऱ्यात कुठलंही लग्न असलं की पॉटचं आइस्क्रीम सदूभाऊंचं. लाकडी बादलीत बर्फ आणि खडामीठ, मध्ये दुधाचा डबा, हँडल फिरवायला स्वतः. "बर्फाचं माह्यावर सोडा," ते म्हणाले. "माहा जन्म बर्फात गेला."

त्यांचा टेम्पो आणि मी, असे आम्ही निघालो. पहिल्या दोन दुकानांत भुश्याची पोती तेवढी उरलेली, बर्फ सगळा सरबतात गेलेला. शेवटी सिलतऱ्याच्या वाटेवरच्या कारखान्यात पोचलो. मुनीम खाटेवर बसून पंख्याशी भांडत होता. आम्हाला पाहताच हात हलवला. "नइ हे भैया. जम्मो बरफ बिहाव वाले मन ले गे." सगळा बर्फ लग्नवाल्यांनी नेलेला.

"लगन नहीं है," सदूभाऊ म्हणाले. "मिट्टी है. घर में माँ पड़ी है."

मुनीम उठून उभा राहिला. पंखा बंद केला, का कोण जाणे. "माटी के काम हे त लेग जा," तो म्हणाला, म्हणजे मयताचं काम असेल तर न्या, आणि त्यानं बाजूला काढून ठेवलेल्या लाद्या दाखवल्या. त्याच्या पुतणीच्या लग्नाच्या होत्या.

लाद्या भुश्यात गुंडाळेपर्यंत मी आत डोकावलो. जमिनीत एक मोठं टाकं, त्यात काळसर पाणी, आणि त्या पाण्यात पत्र्याचे लांब डबे उभे केलेले. डब्यातल्या पाण्याचा बर्फ झालेला, भोवतालचं पाणी मात्र हलत होतं. मी बोट घातलं आणि सापानं चावल्यासारखं बाहेर काढलं. बर्फापेक्षा थंड, आणि तरी पाणीच.

"नमक का है," मुनीम म्हणाला. "खारा पानी आसानी से नइ जमय. ओखरे सेती डब्बा जमथे." म्हणजे हे खारं पाणी सहजी गोठत नाही, म्हणूनच त्याच्यातल्या डब्यातलं गोड पाणी गोठतं. मागं एक यंत्र धडधडत होतं, त्या खाऱ्या पाण्याची थंडी रात्रंदिवस टिकवत. सदूभाऊंनी पाण्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. यंत्राकडं आम्हा दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही.

परत तात्यापाऱ्यात

मावशीला खालच्या खोलीत, मोठ्या पत्र्याच्या टबावर फळ्या टाकून ठेवलं होतं. आम्ही लाद्या फोडून टबात आणि तिच्या दोन्ही बाजूंनी लावल्या. बर्फ तासाभरात घामाघूम झाला. वहिनी चादरीवर चादर घालत होती. विनूदादा म्हणाला, "सदूभाऊ, पुरन का हे उद्यापर्यंत?"

"असा नाही पुरणार," सदूभाऊ म्हणाले. "मीठ पाहिजे. तिथं कारखान्यात पाहिलं ना बाळूभाऊ? मिठाशिवाय थंडी नाही."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तिथला पाहुणा, दुरून आलेला, गप्पांत सगळ्या जगाची माहिती असलेला. मी मान डोलावली. मान डोलावणं हा आमच्या घराण्याचा जुना धंदा आहे.

सदूभाऊंनी खडामिठाचं पोतं आणलं, अगदी लग्नात टाकतात तसं मुठीमुठीनं बर्फावर पेरलं. आणि काय सांगू! बर्फ कडकडला. खोलीतली हवा थंड झाली. टबाच्या बाहेरच्या बाजूवर पांढरं दव धरलं, बोटानं खरवडलं तर नखात बर्फाची भुकटी. मे महिन्याच्या तोंडावर रायपुरात हिमालय! पाऱ्यातले लोक येऊन हात लावून गेले. एक म्हातारे म्हणाले, "वा सदू, आजवर आइस्क्रीमच खाऊ घातलं, आज खरी कामगिरी." सदूभाऊंनी मान खाली घातली, पण छाती फुगलेली दिसत होती. मावशीच्या पापण्यांवरही दव आलं.

सकाळी पाहिलं तर टब भरलेला होता. पाण्यानं.

त्यात बर्फाचे तुकडे होते, साबणाच्या वड्यांएवढे. बाकी सगळं वितळलेलं. इथं ते मीठ काय करतं ते सांगितलंच पाहिजे, कारण मलाही ते तेव्हाच कळलं, टबाशेजारी उकिडवा बसून. नुसता बर्फ सावकाश वितळतो आणि आपल्या जागी राहतो. मीठ पडलं की त्याच्या अंगावरच्या पाण्यात ते विरघळतं, आणि त्या पाण्याला आता गोठणं कठीण होतं. मग शेजारचा बर्फ वितळू लागतो, भराभर, आणि वितळायला लागणारी ऊब स्वतःच्याच अंगातून काढतो. म्हणून थंडी वाढते. थंडी वाढते ती बर्फाच्या आयुष्यातून कापून. दुधाचं आइस्क्रीम व्हायला घटका पुरते. तेवढ्यात पंगत बसते, वाट्या वाटल्या जातात, बर्फ संपला तरी कुणाला काय? सदूभाऊंच्या बर्फाला आजवर दुसरा दिवस बघायची वेळच आली नव्हती.

विनूदादा दारात उभा होता. जन्मात त्यानं आवाज चढवला नसेल, तेव्हा चढवला. "तुमच्या हातानं आता काय उरलं, सदूभाऊ? हे सरबत?"

"विनायक, मी तर चांगल्यासाठी..."

"मी तिले शब्द दिला होता! काय सांगू आता? लगनाचं आइस्क्रीम केलं आईचं?"

सदूभाऊ मिठाच्या रिकाम्या पोत्याची घडी घालू लागले. मी बोलू शकलो असतो, कारण मान माझीही डोललेली होती. मी उठून बूथवर गेलो. फोन लावून स्टेशनात विचारलं. गाडी झारसुगुड्याच्या अलीकडं उभी आहे, कोळशाच्या गाड्या पुढं सोडतायत. दुपार नाही, संध्याकाळ म्हणा.

बर्फ कुठंच नव्हता. मुनीमही काय देणार, त्यानं आपल्या पुतणीचा दिला होता. उन्हानं खिडक्यांवर हात ठेवायला सुरुवात केली. खोलीत वास नव्हता अजून, पण सगळे नाकानं श्वास घ्यायचं टाळत होते. वडीलधारे पुन्हा आले. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या माणसानं विनूदादाच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरी, उशीर झाला तर तोंड पाहण्यासारखं राहणार नाही. ते दाखवण्यापेक्षा नाही दाखवलेलं बरं. सूर्य आहे तोवर चला." 'पोरा' म्हणायचं होतं त्यांना, तेही गडबडले होते.

विनूदादानं मान खाली घातली. "चला मग," तो म्हणणार होता. ओठ हलले होते.

तेवढ्यात सदूभाऊंनी टबात कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काढला तेव्हा तो लाल झाला होता. "पाणी अजून बर्फासारखं आहे," ते कुणाकडं न बघता म्हणाले. "बर्फ गेला, थंडी अजून गेली नाही. वहिनी, जुनं धोतर आहे का?"

वहिनीनं धोतर फाडलं. सदूभाऊंनी एक पट्टी त्या खाऱ्या पाण्यात बुडवली, पिळली नाही, आणि मावशीच्या कपाळावर, डोळ्यांवर, गालांवर घातली. साधं पाणी एवढं थंड असतं तर फडकं कडक झालं असतं, चेहऱ्यावर बसलंच नसतं. हे मऊ राहिलं. टबाभोवती आम्ही भुश्याची पोती रचली, वरून गोधड्या टाकल्या, फडकं बुडवायचं तेवढ्यापुरतीच गोधडी उचलायची असं ठरलं. फडकं कोमट झालं की दुसरं. अंगाला जे व्हायचं ते होऊ दे. तोंड तेवढं राखायचं. सगळा दिवस सदूभाऊ उठले नाहीत. त्यांच्या बोटांची कातडी पांढरी होऊन फाटली आणि त्या फटींत मीठ जात होतं. विनूदादानं एकदा म्हटलं, "द्या, मी करतो." त्यांनी फडकं दिलं नाही.

सुलू

रिक्षा थांबली तेव्हा उन्हं कलली होती. सुलूला मी पोरवयात पाहिलं होतं. आता उतरली ती एक थोराड बाई, हातात शंखाच्या बांगड्या, केस कोळशानं करडे. चपला काढून सरळ आत गेली. सदूभाऊंनी शेवटचं फडकं उचललं आणि भिंतीला लागून उभे राहिले.

अतिशयोक्ती करायची मला सवय आहे, इथं करत नाही. चेहरा काळवंडला होता, नाक बसलं होतं. पण ती लीलामावशी होती. जो ओळखत होता त्याला ओळखू येत होती. पापण्यांत साचलेलं पाणी डोळ्यांच्या कोपऱ्यांतून कानांकडं ओघळत होतं.

सुलू किती वेळ बघत राहिली. मग वाकली, आईच्या गालाला गाल लावला, ओठ टेकवले. सरळ झाली तेव्हा तिनं जिभेनं ओठ चाचपले.

"दादा."

"हं."

"खारट आहे."

तिनं आईच्या पापणीतल्या पाण्याला बोट लावलं.

"आई रडत होती का रे?"

"ताई, ते तर..." सदूभाऊंनी तोंड उघडलं. मी त्यांचं मनगट धरलं, घट्ट, फाटलेल्या कातडीवरच.

सुलू भावाकडं बघत होती. फूटपट्टीसारखा सरळ माणूस; त्यानं एकदा टबाकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.

"हव," विनूदादा म्हणाला. "लय रडली. तुह्या नावानं."

मग सुलू जी रडली ते मी लिहीत नाही. वहिनी कोरडा पंचा घेऊन मावशीचं तोंड पुसायला पुढं झाली तर तिनं वहिनीचा हात अडवला. "राहू दे वहिनी. पुसू नोको. तशीच नेऊ."

तशीच नेली. पुढचा उजवा खांदा माझा होता. चादर चिंब होती. महादेवघाटापर्यंत तिच्यातून पाणी ठिबकत राहिलं, माझ्या मानेवरून गालावर, गालावरून ओठाशी. मी तोंड मिटून चाललो.